दूध संकलनाची आयात: सगळ्या चुका एका खेपेत (प्रकल्प नोंदी)

११ जून २०२४, मंगळवार

बिलाचा दिवस. १ ते १० जूनच्या संकलनाची फाइल दूध संस्थेतून आली: २१४ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ मिळून ३,९१२ ओळी. संस्थेच्या ताईंनी साडेनऊला चढवायला घेतली आणि साडेअकराला त्यांचा फोन. "दादा, एकदम सांगा की काय काय चुकलंय ते. दर खेपेला एकेक काय काढताय?"

लॉग उघडला. दोन तासांत १७ खेपा. प्रोग्रॅम मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेला, पहिली चूक दिसली की थांबणारा. फाइल चढवायची, ओळ बघायची, एक्सेलमध्ये जाऊन दुरुस्त करायची, सेव्ह, परत चढवायची. पहिल्या पंधरा खेपा साध्याच होत्या. लिटरच्या घरात "नाही" लिहिलेलं, तारीख ३/६ ऐवजी ३/९, दराच्या आकड्यात दोन टिंबं, असलं काहीबाही.

सोळाव्या खेपेला मात्र माझ्या पोटात गोळा आला. ६ जूनला संध्याकाळी गावात लाईट नव्हती. यंत्र बंद, म्हणून नोंदी रजिस्टरवर झाल्या आणि नंतर हाताने टाइप केल्या गेल्या. टाइप करताना "जनावर" हा रकानाच सुटला आणि पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकले. एका ओळीत खरं असायला हवं होतं: गाय, ४.५ लिटर, फॅट ३.८, डिग्री (लॅक्टोमीटरचं माप) २८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.१, दर २८.४०, रक्कम १२७.८०. फाइलमध्ये होतं: जनावर ४.५, लिटर ३.८, फॅट २८, डिग्री ८.१, एसएनएफ २८.४०, दर १२७.८०, रक्कम कोरी.

माझ्या प्रोग्रॅमने ताईंना यातलं काय सांगितलं? "जनावर: ४.५ चालत नाही, गाय किंवा म्हैस हवं." ताईंनी सांगितल्याप्रमाणे ४.५ खोडून "गाय" लिहिलं. म्हणजे त्या माणसाचे खरे लिटर त्या घरातून गेले. आणि लिटरच्या घरात बसलेलं ३.८ हे फॅट तपासणीतून बिनबोभाट पास झालं, कारण ३.८ लिटर दूध घालणारा माणूस असतोच. पुढची तक्रार आली फॅट २८ ची. तिथे ताई थांबल्या आणि त्यांनी फोन केला, हे नशीब. रजिस्टर न उघडता आकडे जुळवत गेल्या असत्या तर एकेका उत्पादकाचे लिटर कमी होऊन बिल निघालं असतं आणि मी "फाइल बरोबर आहे" असं हिरव्या अक्षरात दाखवलं असतं.

आतापर्यंत मला वाटायचं, एकेक चूक दाखवण्यात फक्त वेळ जातो. आज कळलं की त्यात माणूस चुकीची दुरुस्तीही करतो. त्या ओळीतल्या सगळ्या चुका शेजारी-शेजारी दिसल्या असत्या तर रकाना सरकलाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आजचं बिल कसंबसं काढलं. ती शिफ्ट ताईंनी रजिस्टरवरून पुन्हा टाइप केली. बाकीचं उद्यापासून.

१२ जून

कोड वाचला. स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा कोड वाचणं म्हणजे जुना फोटो बघणं. "रेज" (अपवाद फेकून काम तिथेच थांबवणारी आज्ञा) ३४ ठिकाणी. वाचन, तपासणी आणि डेटाबेसमध्ये लिहिणं, तिन्ही एकाच लूपमध्ये गुंफलेलं.

पहिलं काम तिन्ही सोडवणं: आधी सगळं वाचायचं, मग सगळं तपासायचं, आणि एकही चूक नसेल तरच लिहायला हात लावायचा.

तपासणीचं फंक्शन आता अपवाद फेकत नाही, चुकांच्या यादीत एक नोंद टाकतं आणि पुढे जातं. नोंदीत पाच गोष्टी: ओळ, रकाना, घरात सापडलेलं जसंच्या तसं मूल्य, चुकीचा प्रकार आणि माणसाला वाचायचं वाक्य. प्रकार वेगळा ठेवला तो बरं झालं असं वाटतंय. वाक्य उद्या बदलेल, पण मोजणी आणि गट प्रकारावरच करता येतील.

मी वापरतो त्या पायथन भाषेच्या ३.११ आवृत्तीत (ऑक्टोबर २०२२) एक्सेप्शनग्रुप आलाय. अनेक अपवाद एका पोतडीत बांधून फेकायचे, आणि पकडताना एक्सेप्टला तारा लावून हवा तो प्रकार निवडायचा. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅग्रिगेटएरर आहे, गो भाषेत १.२० पासून एरर्स-जॉइन. तासभर मोह झाला. मग सोडला. ती सोय मुख्यतः एकाच वेळी चाललेली अनेक कामं एकदम फसतात तेव्हासाठी आहे. माझ्याकडे फाइलमध्ये "नाही" लिहिलेलं सापडणं यात अपवादात्मक काहीच नाही, दर दहा दिवसांनी सापडतं. त्याला साधी यादी पुरते.

डेटाबेसची अडचण राहिली. एकाच उत्पादकाची एकाच वेळची नोंद दोनदा आली तर पोस्टग्रेस अडवतं, पण तेही पहिल्याच जोडीला. शिवाय एकदा चूक झाली की तो व्यवहार (एकत्र करायच्या नोंदींचा गठ्ठा) रद्द झाल्यात जमा. पुढची कुठलीही आज्ञा ते ऐकून घेत नाही, रोलबॅक होईपर्यंत, म्हणजे सगळं मागे घेईपर्यंत. म्हणून कच्चं टेबल केलं, सगळे रकाने नुसते मजकुराचे, कसलीच अट नाही. फाइल आधी तिथे ओतायची, आणि तारीख, वेळ, उत्पादक यांवर गट करून एकाहून जास्त ओळी असलेले सगळे गट एका क्वेरीत बाहेर काढायचे. पहिल्याच प्रयत्नात जमलं.

१३ जून

आजचा दिवस माझ्या आगाऊपणात गेला. "एकही चूक सुटायला नको" म्हणून प्रत्येक तपासणीभोवती सरसकट ट्राय-एक्सेप्ट (अपवाद झेलणारं जाळं) लावलं, जे काय सापडेल ते यादीत. जुनी फाइल चालवली. ३,९१२ ओळींत बरोबर ३,९१२ चुका, सगळ्यांचा मजकूर एकच: नन-टाइपला अमुक गुणधर्म नाही.

दरपत्रक लोड करायलाच विसरलो होतो. चूक माझी आणि पावती ताईंच्या नावावर.

सरसकट पकडणं काढून टाकलं. फाइलमधली चूक ती यादीत जाईल. माझ्या कोडमधली चूक असेल तर प्रोग्रॅमने तिथेच जोरात कोसळावं आणि मला मेल यावी. ती ताईंच्या यादीत दिसताच कामा नये.

१४ जून

दरपत्रकासकट पहिली खरी धाव, ११ तारखेच्या मूळ फाइलवर. १,३५० चुका.

त्यातल्या १,३०९ त्या एकट्या संध्याकाळच्या. १८७ ओळी, दर ओळीला सात तक्रारी: जनावर चुकीचं, फॅट हद्दीबाहेर, डिग्री हद्दीबाहेर, एसएनएफ हद्दीबाहेर, फॅट-डिग्रीवरून काढलेला एसएनएफ जुळत नाही, दरपत्रकात दर सापडत नाही, रक्कम कोरी. उरलेल्या ४१ चुका या ढिगाऱ्यात कुठेतरी.

ताईंना नुसता आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आधीचंच बरं होतं की."

१६ जून, रविवार

सुट्टी, पण डोक्यात तेच. कंपायलरवाल्यांनी (कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) हा घोळ माझ्या कितीतरी आधी निस्तरलाय, म्हणून तिकडे काय करतात ते जरा आठवून पाहिलं.

पंच कार्डांच्या काळात प्रोग्रॅम देऊन निकाल हातात यायला तास तास लागत. एका खेपेला एकच चूक कळली तर आठवडा गेला. म्हणून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकात पीएल/सी नावाचा कंपायलर झाला. तो चूक सापडली की स्वतःच अंदाजाने दुरुस्त करून पुढे जायचा, जेणेकरून विद्यार्थ्याला एका खेपेत जास्तीत जास्त काहीतरी हाती लागावं. याच्या बरोबर उलट टोक म्हणजे १९८३ चं टर्बो पास्कल. पहिल्या चुकीला थांबायचं आणि कर्सर थेट त्या जागेवर नेऊन ठेवायचं. पण तिथे पुन्हा कंपाइल करायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. एकेक चूक दाखवणं तिथे चालून जायचं, कारण खेप फुकट होती.

ताईंची एक खेप म्हणजे सेव्ह, चढवणं, गावातलं नेट आणि मधेच दूध घालायला आलेलं कोणीतरी. सात मिनिटं. खेप महाग असेल तर यादी लागतेच.

यादी किती लांब, हा पुढचा प्रश्न. जावाचा कंपायलर मुळात १०० वर थांबतो, सी भाषेचा क्लँग २० वर, गो तर १० वरच "फार चुका आहेत" म्हणून हात वर करतो. सीच्याच जीसीसीला मुळात मर्यादाच नाही, हवी तर आपण घालायची. या मर्यादा घालण्यामागचा अनुभव कुठल्याही विद्यार्थ्याला असतो: एक अर्धविराम सुटला की खाली चाळीस ओळींचं रडगाणं. खरी चूक एक, बाकीची तिची पिलावळ.

माझ्या १,३५० मध्येही पिलावळच जास्त आहे.

१७ जून

पिलावळ तोडली. एसएनएफची पडताळणी घ्या. सूत्र साधं: डिग्रीचा चौथा भाग, फॅटचा पाचवा हिस्सा आणि वर एक स्थिरांक. स्थिरांक संघागणिक वेगळा, या संस्थेत ०.३६. डिग्री २८, फॅट ३.८ असेल तर ७ अधिक ०.७६ अधिक ०.३६, म्हणजे ८.१२. फाइलमधल्या ८.१ शी जुळलं. पण फॅटच्या घरात २८ असेल तर या सूत्रातून येणारं उत्तर कचराच, आणि ते "जुळत नाही" असं ताईंना सांगणं म्हणजे मेलेल्याला वर लाथ.

आता प्रत्येक तपासणी आधीच जाहीर करते की तिला कुठली घरं लागतात. त्यातलं एखादं घर नासलेलं असेल तर ती तपासणी गुपचूप बाजूला होते. घर नासलंय हे एकदा, मूळ जागी सांगितलेलं असतं. कंपायलरही हेच करतात: ज्या पदाचा प्रकार ठरवता आला नाही त्याला "चुका-प्रकार" असा शिक्का मारतात आणि त्या शिक्क्यावरून पुन्हा ओरडत नाहीत.

धाव: ९६८. त्या संध्याकाळच्या १,३०९ च्या ९३५ झाल्या (दर ओळीला पाच), बाकीच्या ४१ च्या ३३.

पण यातून एक बारीकशी अप्रामाणिकता शिरते. मी ताईंना "सगळ्या चुका" देतोय असं म्हणतो, आणि काही तपासण्या तर झालेल्याच नाहीत. फॅट दुरुस्त केल्यावर एसएनएफची नवी चूक निघू शकते, आणि मग "काल का नाही सांगितलं" हा प्रश्न रास्तच. अहवालाच्या तळाशी एक ओळ घातली: "अमुक ओळींतल्या काही तपासण्या वरच्या चुका निघाल्यावरच होतील." सगळ्या चुका एका खेपेत हे खरं तर कधीच शक्य नसतं. या क्षणी कळू शकतील तेवढ्या, इतकाच वायदा करता येतो.

१८ जून

गट. सलग २० किंवा जास्त ओळींत नेमके तेच रकाने बिघडलेले असतील तर ती एक घटना धरायची. मग प्रोग्रॅम स्वतःपुरता एक प्रयोग करतो: बिघडलेल्या पहिल्या रकान्यापासून सगळं एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा तपासतो. सरकवल्यावर बाकी सगळं पास झालं तरच "रकाना सुटला" असं म्हणायचं, नाहीतर नुसतं "या ओळी एकत्र बघा".

मग प्रोग्रॅमनेच सरकवून का टाकू नये? पीएल/सी तेच करत असे. पण तिथे विद्यार्थ्याचा गृहपाठ होता, इथे लोकांच्या दुधाचे पैसे आहेत. माझा अंदाज शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येईल, आणि शंभराव्या वेळी कोणाचं बिल चुकलं हे कोणालाच कळणार नाही. सुचवायचं, हात लावायचा नाही.

दुसरा गट: तीच चूक, तेच मूल्य. उत्पादक क्रमांक २१७ यादीतच नव्हता आणि तो १६ ओळींत आलेला. सोळा तक्रारींची एक झाली.

९६८ वरून १९ ओळी. एका कागदावर मावतात. पहिली ओळ अशी:

"६ जून, संध्याकाळ. ओळ २१४९ ते २३३५ (१८७ ओळी). 'जनावर' हा रकाना सुटून पुढचे आकडे एक घर डावीकडे सरकलेले दिसतात. आकडे बदलू नका. आकडे एक घर उजवीकडे सरकवा आणि 'जनावर' रजिस्टर बघून भरा."

"आकडे बदलू नका" हे तीन शब्द ११ तारखेची आठवण म्हणून.

१९ जून

ताईंना अहवाल पाठवला, फोनवर एकत्र वाचला. लगेच चार गोष्टी निघाल्या.

ओळ क्रमांक चुकत होते. मी शीर्षक वगळून शून्यापासून मोजतो, म्हणजे माझी ० वी ओळ एक्सेलमध्ये २ री. शिवाय मधल्या कोऱ्या ओळी मी वाचताना गाळत होतो, त्यामुळे खाली जाऊ तसा फरक वाढत जायचा. इतक्या उस्तवारीने केलेला अहवाल आणि बोट भलत्याच ओळीवर. कालच्या पहिल्या ओळीत बरोबर आले तो योगायोग नव्हे, ते आकडे मी हाताने तपासून लिहिले होते.

क्रम. मी चुकीच्या प्रकाराप्रमाणे लावल्या होत्या: आधी सगळ्या फॅटच्या, मग सगळ्या दराच्या. ताईंपुढे रजिस्टर असतं आणि रजिस्टरला पान असतं. एक पान एकदाच उघडायचं. आता तारीख, वेळ, ओळ असाच क्रम.

"अवैध मूल्य" हा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे बेकायदेशीर?" काढला. आता "फॅट ३८ असू शकत नाही, टिंब राहिलं का?"

चौथी गंमत. एका फाइलवर प्रोग्रॅम म्हणतो "तारीख हा रकाना नाही" आणि पहिलाच रकाना ढळढळीत "तारीख". फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) साठवताना एक्सेल सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतं, ती शीर्षकाला चिकटलेली. वाचतानाच ती काढणारं एन्कोडिंग (यूटीएफ-८-सिग) दिलं, मिटलं. ही चूक फाइलच्या पातळीवरची. अशी असेल तर मात्र ओळी तपासायच्याच नाहीत, तिथेच थांबायचं. शीर्षकच कळलं नाही तर खालच्या चार हजार ओळींवर बोलायचा आपल्याला काय अधिकार?

२१ जून, शुक्रवार

११ ते २० चं बिल. पहिली खेप: १४ ओळींचा अहवाल, ११ चुका आणि ३ शंका.

शंका हा प्रकार काल रात्री घातला. गाईचं फॅट ६.२ अशक्य नाही, पण बघितलं पाहिजे. म्हशीचं ३.४ तसंच. चूक असेल तर बिल अडतं. शंकेवर ताईंनी "पाहिलं" अशी टीप केली की पुढे जातं.

दुसरी खेप: एक चूक. एक फॅट दुरुस्त झाल्यावर उघडी पडलेली एसएनएफची. तळाच्या ओळीत तिचा क्रमांक आधीच दिलेला होता, त्यामुळे ताई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला फाइल आत. साडेदहाला बिल तयार. सतरा खेपांच्या तीन.

२४ जून, सोमवार

बँकेकडून पेमेंटची फाइल परत. (शनिवारी चौथा शनिवार, बँक बंद.) कारण: खाते क्रमांकात चालत नसलेलं अक्षर. कुठलं, ते सांगितलेलं नाही. ते दुरुस्त करून पाठवली तर दुपारी पुन्हा परत: आयएफएससी चुकीचा. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या एका खात्यासाठी. बँकेची प्रणालीही एका खेपेला एकच चूक दाखवते. ११ तारखेला ताईंना काय वाटलं असेल ते आज पुरेपूर कळलं.

खाते क्रमांकाचं मूळ माझ्याकडेच निघालं. दोन उत्पादकांचे क्रमांक देवनागरी आकड्यांत टाइप केलेले. माझ्या तपासणीत "फक्त अंक" असं रेगेक्स (मजकुराचा साचा) होतं, आणि पायथनमधलं तिरप्या रेघेचं डी हे चिन्ह देवनागरी ४ लाही अंकच मानतं. भाषेच्या दृष्टीने बरोबरच आहे. लिटर-फॅटला तर याचा फायदाच होतो, देवनागरीत लिहिलेला ४२ सरळ संख्या होऊन येतो. पण खाते क्रमांक मी मजकूर म्हणून ठेवतो (सुरुवातीची शून्यं जाऊ नयेत म्हणून), त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे बँकेत पोचले. आता वाचतानाच सगळे आकडे एका लिपीत आणतो, आणि रेगेक्सला आस्की (इंग्रजी अक्षरं-आकडे) पुरतं बांधलंय.

आयएफएससीची तपासणी नव्हतीच. ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. एकाने पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप केलेला. संदेशात लिहिलं: "पाचवं अक्षर शून्य हवं, ओ नको." बँकेला पाठवायच्या फाइलवरही आता तोच चुका-गोळा-करणारा बसवला, पाठवण्याआधी.

१ जुलै, सोमवार

२१ ते ३० जूनचं बिल. पहिल्या खेपेला ९ ओळी, दुसऱ्या खेपेला आत. ताईंनी अहवाल छापून रजिस्टरला टाचणीने लावला होता, सचिवांनी सही पण केली म्हणे.

एक शंका मात्र राहिली. उत्पादक ११२, गाय, फॅट ६.२, ६.४, ६.१, सलग सहा वेळा. माझा गट करण्याचा नियम चालून एकच ओळ आलेली. मागच्या बिलात ताईंनी "पाहिलं" करून पुढे ढकललं होतं. या वेळी घरी विचारून आल्या: गाय विकली, म्हैस आणली, संस्थेच्या यादीत अजून गायच. म्हणजे दर गाईचा लागत होता. मागच्या बिलातला फरक काढून द्यायचाय.

उद्या: एकच शंका दोन बिलांत आली तर ती चूक धरून बिल अडवायचं का, सचिवांना विचारणे. ११२ चा फरक हाताने काढणे.